हरीने टाकलेली राजाची जोडी

हरी आज सकाळी गेला.

आणि मी त्याच्याशी चाळीसेक वर्षं एकच खोटं बोलत आलो.

तारापूरच्या बाजूला आमची कोळ्यांची आळी. पावसाळ्यात होड्या शाकारल्या की सकाळी जाळी विणायची, दुपारी तीन पत्ती. पैशाची नाही हां! सगळ्यांना सारखे चिंचोके. संपले की बाहेर. शेवटी जो उरेल, त्याच्या घरच्याने नारळी पौर्णिमेला आळीचा नारळ दर्यात सोडायचा.

अशी आमची टूर्नामेंट.

हरी त्यातला मास्टर. म्हणायचा, "जिकायला बसू नको. टिकायला बस. बाकीचे आपापले मरतात."

दहा डावांत आठ वेळा पानं टाकून पॅक! वहिनी चिडवायची, "पानं बघितली की यांना ताप येतो."

त्या वर्षी मात्र त्याला नारळ हवाच होता. बापूस अंथरुणाला खिळलेला.

"एकदा त्याच्या हातानं सोडू दे रे. मी उचलून नेतो त्याला."

शेवटी उरले दोघं, हरी आणि नथूमामा. मी केव्हाच बाद होऊन मामाच्या पाठीमागे बसलेलो.

मामा चाल वाढवत गेला. हरीकडे सात चिंचोके राहिले. शो मागून मामाची पानं उघडायला लावायची तर सातही घालावे लागणार.

मामाची पानं मला दिसत होती. दुर्री, पंजी, अठ्ठी. नुसता कचरा!

पण आळीचा नियम कडक. बाद झालेल्याने मुकं बसायचं. खोकायचंसुद्धा नाही.

हरीने माझ्याकडे बघितलं.

मी खाली बघितलं.

"पॅक," हरी म्हणाला.

पुढच्या दोन डावांत ते सातही गेले.

घरी जाताना म्हणाला, "राजाची जोडी टाकली रे मी. मामाकडं काय होतं?"

त्याचं तोंड बघवेना. म्हटलं, "सिक्वेन्स होता. बरोबर टाकलीस."

पुढच्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला त्याचा बापूस नव्हता.

मग कसं सांगणार? हरी तर सगळ्यांना अभिमानाने शिकवायचा, "राजाची जोडी पण टाकता आली पायजे. मी टाकली हाय!"

मी आपली मान डोलवायचो.

परवा बोईसरला हॉस्पिटलात भेटलो. नळ्या लावलेल्या हाताने माझं मनगट धरलं.

"खरं सांग. बापसाचा नारळ माझ्यामुळं तर नाय ना राहिला?"

म्हणजे इतकी वर्षं त्याला ते टोचतच होतं.

म्हटलं, "सिक्वेन्सच होता, हरी. मी बघितलाय."

त्याने डोळे मिटले.

आज खरं लिहिलं, तर वाचायला तूच नाहीस.

जा हरी. माफ कर मला.