भिमाजीची झील

शिकल्यासवरल्या माणसानं किती येडेपणा करावा, त्याला काही सुमार? बोरी बुद्रुकचा गोरख मेंढपाळाच्या घरात जन्मला, विद्यापीठात मराठीचा संशोधक झाला आणि प्रबंधाला विषय घेतला घरचाच. त्याचे चुलते राघूआप्पा ज्या धनगरी ओव्या म्हणायचे, त्या.

आप्पांनी ओळ म्हणायची आणि सोबती भिमाजीनं तिचं शेपूट उचलून झील धरायची, अशी त्या दोघांची चाळीस वर्षांची जोडी. एकट्यानं ओवी म्हणायची रीतच नाही. सत्त्याण्णव साली निरगुडसरच्या रानात मेंढरं बसली होती, तिथं गोरखनं टेप लावून चौदा कॅसेटी भरल्या.

दोन हजार दोनला विभागात कंप्युटर आले आणि सगळ्यांच्या अंगात डिजिटलचं वारं शिरलं. गोरखच्या मार्गदर्शक सरांनी कॅसेटींतल्या ओव्या कंप्युटरात उतरवल्या, दोन सीड्याही काढल्या. "गोरख, आता शंभर वर्षं चिंता नाही," म्हणाले.

झालं! पठ्ठ्यानं गावी येऊन चौदाच्या चौदा कॅसेटी भैरवनाथाच्या भजनी मंडळाला देऊन टाकल्या, वरून भजन भरायला. चालू वस्तू घरात पडून राहू द्यायची नाही, ही त्या घराची शिकवण.

"आरं, येखादी तरी ऱ्हाऊ दे," चुलती रतनबाई म्हणाली.

"काकू, तुला न्हाई कळायचं त्यातलं. समदं कंप्युटरात हाय."

असं म्हणाला, बरं का! आणि कंप्युटरात आहेच म्हणून कागदावर उतरवायचं कामही लांबवत राहिला. कशाबशा दोन कॅसेटी झाल्या होत्या.

दोन हजार पाचला भिमाजी गेला. दुसऱ्याच्या झिलीवर आपल्याला म्हणता येत न्हाई, म्हणून आप्पांनी ओवी सोडली. पुढच्या वर्षी गोरख राहिलेल्या ओव्या लिहायला विभागात गेला, तर जुने कंप्युटर भंगारात गेलेले. नव्या ऑपरेटर श्रेया मॅडमनी दोन्ही सीड्या घालून पाहिल्या, पुसून पुन्हा घातल्या.

"सर, उघडतच नाहीत हो."

कपाटातल्या यादीत मात्र प्रकल्पापुढं 'पूर्ण' लिहिलेलं होतं.  गोरख तसाच गावी पळाला, देवळात बसून चौदाही कॅसेटी शेवटपर्यंत ऐकल्या. भजन, भजन आणि भजन. आपल्याच हातानं माती केली होती, दोष द्यायचा कुणाला?

शेवटी आप्पांचे पाय धरले. "येकदा म्हना, आप्पा. पुन्यांदा भरून घेतो."

आप्पा वाकडं बोलले नाहीत. कानावर हात ठेवून त्यांनी पहिली ओळ काढली. आवाज फाटला होता, पण ओळ शाबूत होती. ओळ संपली तसे ते थांबले आणि गोरखकडं बघत राहिले.

झिलीवर चार पानं लिहिली होती गोरखनं. त्यानं तोंड उघडलं, पण शब्द कुठून उचलायचा तेच कळेना, सूर तर लांबच. आप्पा अजून वाट बघत होते.

"येवढी वर्सं भिमाजीच्या म्होरं बसलास," आप्पा हळूच म्हणाले. "येक बी झील आली न्हाई व्हय रं तुला?"

"टेप चालू व्हता ना, आप्पा," गोरख म्हणाला आणि लहान पोरागत रडायला लागला.

आप्पांनी कानावरचा हात खाली घेतला.