मामांचा मूळ वर्ग

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका पायथन मनावर घेतलेला माणूस कृष्णा-कोयनेच्या काठी दुसरा सापडायचा नाही. आणि सापडलाच, तर त्याच्या घरच्यांनी त्याला अजून घरात कसं ठेवलंय, हे मी मुद्दाम जाऊन विचारीन. पायथन म्हणजे संगणकाला कामं सांगायची भाषा. माझं पोट त्याच भाषेवर चालतं, पण संध्याकाळी मी ती ऑफिसात ठेवून घरी येतो. मामा ती आंघोळीलाही घेऊन जातात. निवृत्तीनंतर लोक भजनाला लागतात, प्लॉट बघतात, सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. मामांनी भाचीचा जुना लॅपटॉप मागून घेतला, चार रंगांची बॉलपेनं आणली आणि दोनशे पानी वहीत पहिला प्रोग्राम लिहिला. तो आधी काळ्या शाईत, मग चुका लाल शाईत, आणि मगच लॅपटॉपवर. सगळी नावं मराठीत. पायथनला देवनागरी नावं चालतात ही गोष्ट मला, म्हणजे बारा वर्षं या धंद्याचा पगार खाणाऱ्याला, मलकापुरात मामांच्या ओसरीवर कळली. मी "हो, चालतात की" म्हणालो आणि घरी जाऊन हळूच तपासून बघितलं. चालतात.

मामांची सगळी नोकरी कोयनानगरच्या वीजघरात गेली. तिथं पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजायचा, खाली नदीत कुणी असेल तर त्यानं वर यावं म्हणून. तो भोंगा मामांच्या अंगात शिरला तो निघालाच नाही. मिक्सर लावण्याआधी ते "लावतोय हां!" अशी आरोळी देतात. पंख्याच्या बटणाला हात लावायच्या आधी खोलीभर नजर फिरवतात. झोपाळ्यावर बसण्याआधी दोनदा खाकरतात, मग झोपाळ्याजवळ चिटपाखरूही नसेना का. भूकंपाचं मात्र त्यांना काहीच नाही. ताटातली वाटी थरथरली तर "बारका हाय" म्हणून पुढचा घास घेतात. धरणीनं न सांगता हललेलं त्यांना चालतं, माणसानं न सांगता काही हलवलेलं चालत नाही. मामी म्हणतात, "ह्यास्नी शिंकायच्या आदीबी घंटी लागंल."

पायथनमध्ये 'वर्ग' नावाची एक चीज असते. वर्ग म्हणजे साचा. एक मूळ वर्ग लिहायचा आणि त्याच्याखाली दुसरा वर्ग पोर म्हणून लिहायचा. बापाला जे जे येतं ते पोराला न लिहिता येतं. पोराला एखादी गोष्ट वेगळी करायची असली, तर तेवढीच त्यानं आपली लिहायची, की बापाची मागं पडते. हे कळल्यापासून मामांना जगात दुसरं काही दिसेनासं झालं. लग्नात अक्षता हातात धरून ते माझ्या कानाशी लागले, "नवरदेवाचं नाक आईकडनं आलंय, चाल बापाची. पर ह्यो जो घामाघूम हुतोय, त्यो त्यानं सोताचा लिवलाय." कटाच्या आमटीचा भुरका मारून ते म्हणतात, "ही साध्या आमटीची पोर. फोडणी आईची, कट हिचा." एकदा मला घेऊन शिंप्याकडे गेले. शिंपी म्हणजे मलकापुरातले साठी उलटलेले चाचा, मामांचे जुने दोस्त. मामांनी फर्मावलं, "चाचा, मागची पँट मूळ धरा. तिच्याखाली नवी लिवा. खिसा तेवढा वेगळा, चष्म्याचं घर बसंल असा." मला वाटलं, चाचा आता कात्री फेकून मारणार. चाचांनी टेप गळ्यात अडकवली आणि शांतपणे म्हणाले, "म्हंजी माप जुनं, खिसा नवा. आवं, मी जलमभर दुसरं काय करतोय?" मामा माझ्याकडं वळले. "बगा पाव्हणं, ह्यो खरा प्रोग्रामर. तुमी नुसतंच डिग्रीवालं."

एवढं सगळं असूनही मामांच्या विद्येला घरात मान नव्हता, आणि त्याचं कारण धाकटे मामा. कडेगावजवळची शेती ते कसतात. शेतीची वीज स्वतःच्या मर्जीनं येते, म्हणून जो तो मोटारीला 'ऑटो' बसवतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू. थोरल्या मामांना हे बघवेना. न सांगता मोटार सुरू? त्यांनी दोन वर्षं खपून एक डबा तयार केला. आत तळहाताएवढा संगणक, त्यात 'मोटार' नावाचा मूळ वर्ग. वीज आली की डबा आधी हौदाजवळची घंटी वाजवणार, मिनिटभर थांबणार, मग मोटार लावणार. धाकट्या मामांनी डबा उलटसुलट करून बघितला आणि निकाल दिला, "दसऱ्यापतूर ठीवतो, दादा. एक जरी घोळ झाला, तर डबा माळ्यावर आन् तुमी तुमच्या वहीत." तेव्हापासून थोरले मामा दसऱ्याचे दिवस बोटांवर मोजू लागले. शाळेतल्या पोरासारखा त्यांचा निकाल लागायचा होता.

पावसाळा डब्यानं एका तक्रारीशिवाय काढला आणि मग दोन गोष्टी एकदम झाल्या. ओढ्यावरच्या मोटारीच्या जागी विहिरीत नवी पाणबुडी मोटार आली, तिची सुरू व्हायची तऱ्हा वेगळी. आणि मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर काळा चष्मा, स्क्रीनकडं बघायला बंदी. झक मारत त्यांना माझ्याकडं यावं लागलं. "पाव्हणं, माज्या 'मोटार'खाली 'विहिरीची मोटार' लिवा. बाकी सगळं वरनं येतंय. मोटार लावायची 'सुरू' तेवढी तुमची लिवा. पर तिच्यात आदी माज्या 'सुरू'ला हाक मारा, इसरू नगा." पोराला आपलं करताना बापाचंही करून घ्यायचं असेल, तर पायथनमध्ये 'सुपर' म्हणून हाक मारायची सोय आहे. मी "हो हो" म्हणालो. वडीलधाऱ्यांना आपण म्हणतो ते "हो हो". मग मामांची 'सुरू' उघडून वाचली. घंटी वाजव, साठ मोज, पुन्हा बघ... मला हसू आलं. शेतात काय शाळा भरायची होती? मी माझी सुटसुटीत 'सुरू' लिहिली, सात ओळींची, कुणाला हाक न मारता. त्या सात ओळींवर मी इतका खूश झालो, की डब्याला टेकून काढलेला माझा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली अंगठ्याची रांग लागली. पहिला अंगठा सासूबाईंचा होता.

नवरात्र तोंडावर आलं होतं. घट बसायच्या आधी घरातलं यच्चयावत अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं पाहिजे, ही तिकडची रीत. सासूबाई या सगळ्या भावंडांत थोरल्या. त्या त्यासाठी मुद्दाम माहेरी, धाकट्या मामांच्या शेतातल्या घरी आल्या होत्या. थोरले मामा आणि मीही तिथंच होतो. वाकळांचा ढीग काठावर ठेवून त्या रिकाम्या हौदात उतरल्या आणि पाइपाच्या तोंडासमोर बसून शेवाळ घासू लागल्या. निर्धास्त होत्या, घंटी वाजली की उठायचं, हे आता घरच्या म्हशीलाही ठाऊक झालं होतं. मी समोर खाटेवर शेंगा फोडत बसलो होतो. तेवढ्यात वीज आली. पायथन बिचारा आज्ञाधारक. त्याला पोराची 'सुरू' सापडली, ती त्यानं चालवली आणि बापाच्या 'सुरू'कडं ढुंकूनही पाहिलं नाही. पाइपानं एक उचकी दिली आणि चार इंची धार सासूबाईंच्या पाठीवर अशी आदळली, की त्या बसल्या जागेवरून घसरत हौदाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. काठावरची एक वाकळ पाटाला लागली आणि उसाची पाहणी करायला निघून गेली.

सगळे धावले. हौद कमरेएवढाच होता आणि सासूबाई काटक, म्हणून गोष्ट हसण्यावारी नेता येते. तेव्हा मी मात्र हातातली शेंग तशीच धरून खाटेवर बसून होतो. थोरले मामा काळा चष्मा लावून भिंत चाचपत बाहेर आले. त्यांनी काही बघितलं नाही, नुसतं ऐकलं. पाणी पडत होतं. "घंटी?" ते म्हणाले.

धाकट्या मामांनी खटका पाडला आणि पाना घेऊन सरळ डब्याकडं निघाले. "झालं, दादा? आक्काच्या डोक्याला लागलं असतं तर? काडतो आता ह्यो डबा."

"काड," थोरले मामा म्हणाले. "मूळ वर्ग माजा हाय. चूक माजी."

आणि मी? मी आणखी एक शेंग फोडली. इथं शूरपणाचं काही लिहायला मलाही आवडलं असतं. पण धाकट्या मामांनी पहिला नट सोडवला, दुसरा सोडवला, आणि थोरले मामा त्या आवाजाकडं कान लावून उभे राहिले, तेव्हा मात्र मला बसवेना. मी उठलो, मांडीवरची टरफलं सगळीकडं सांडली. "घंटी मी काढली," मी म्हणालो. "मामांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

सासूबाई पदर पिळत होत्या. बारा वर्षांत "जेवलासा का?" यापलीकडं त्या माझ्याशी फारसं बोललेल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "पाव्हणं, सकाळी आंघोळ झाली हुती माजी."

थोरल्या मामांनी मला दंडाला धरून गोठ्यामागं नेलं. 'पाव्हणं', 'तुमी', सगळं गळून पडलं, मामा अरेतुरेवर आले. "का काडलीस रं?"

"मला वाटलं, उगाच आहे."

"उगाच कोन लिवतंय व्हय, गड्या?" मग त्यांचा आवाज उतरला. "तुजी एकट्याची चूक न्हाई. जे बदलू ने, ते मी बदलता येईल अशा जागी ठिवलं. घे, लिव."

डोळे मिटून त्यांनी आपला अख्खा वर्ग मला तोंडपाठ सांगितला आणि मधोमध चिरला. घंटी आणि थांबणं मूळ वर्गाकडं, तिथं पोरानं हात लावायचा नाही. 'पाणी काड' एवढंच वेगळं काढून पोराच्या हवाली. माझ्या सात ओळींतल्या दोनच उरल्या. पाणबुडीला खरोखर लागणाऱ्या.

धाकटे मामा मात्र पाना सोडायला तयार नव्हते. चप्पल काठावर काढून ते स्वतःच पाइपासमोर उभे राहिले. "लावा. घंटी वाजली न्हाई, तर डबाबी न्हाई आन् जावईबी न्हाई." मी खटका वर केला. क्षणभर काहीच नाही. मग घंटी अशी ठणाणली, की म्हैस उठून उभी राहिली. धाकटे मामा सावकाश बाहेर आले, चप्पल घातली, तंबाखू मळली, तरी मिनिट सरेना. मग पाणी आलं. ते धारेकडं बघत राहिले आणि सोडवलेले नट भावाच्या हातावर ठेवून म्हणाले, "बसवा परत."

"दसऱ्यापतूर?" थोरल्या मामांनी विचारलं.

"बसवा म्हटलं न्हवं, दादा."

संध्याकाळी मामांना मलकापूरला सोडायला मी गाडी काढली. घाटाच्या माथ्यावर चहाची एक टपरी आहे, तिथं थांबलो. मी पुन्हा एकदा माफी मागायच्या तयारीत होतो, पण मामांचं लक्ष नव्हतं. दरीकडं तोंड करून म्हणाले, "पंखा लिवला, दिवा लिवला, कुलूप लिवलं, मोटार लिवली. सगळं मूळ वर्ग. पर आजवर माज्या वर्गाखाली कुनी वर्ग लिवला नव्हता. तू लिवलास. आक्काला बुडिवलंस, पर लिवलास." मग माझ्याकडं वळून, "मला बगाय बंदी हाय. वाच की, काय लिवलंयस."

मी लॅपटॉप गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि वाचलं. वर्गाचं नाव, ज्याच्याखाली तो आला त्याचं नाव, आणि माझ्या दोन ओळी. मामा काळ्या चष्म्याआडून ऐकत होते. चहा निवत होता.

"परत वाच," ते म्हणाले.

मी परत वाचलं.