रिबकामावशीची उंडी

शनिवारी सकाळी साडेसातलाच आई चपला घालून दारात उभी. गाडी पावणेनऊची आणि पेण स्टेशन आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. पण गाडी चुकण्याची धास्ती आईच्या रक्तात आहे आणि ती घरातल्या सगळ्यांना वाटल्याशिवाय तिला चैन पडत नाही. सुजाता, माझी बायको, डब्यात लाट्या (पोह्याच्या पापडाच्या पिठाचे कच्चे गोळे, वरून तेल) भरत होती. आमची ईरा, वय वर्षे अकरा, दुसरा मोजा शोधत होती.

जायचं होतं रोह्याला, कुंडलिकेकाठच्या बागेत. जुनी झाडं राखून नवी लावली आहेत, प्रत्येकाला नावाची पाटी आहे, असं ऐकून होतो. आम्ही मात्र एकच झाड बघायला निघालो होतो.

आईचं माहेर रोह्याचं. शेजारी रिबकामावशीचं ज्यू कुटुंब; वडिलांचा तेलाचा घाणा आणि मागच्या परसात त्यांनी लावलेली उंडी. हिच्या बियांचं तेल पूर्वी दिव्याला वापरायचे. मावशी आणि आई शाळेत एकाच बाकावर. विशीत मावशी घरच्यांबरोबर इस्रायलला गेली. पुढे घाणा मोडला, आमच्या आजोळचं घर विकलं गेलं आणि ती सगळी जागा बागेत गेली. दोघींचे फोन तेवढे चालू राहिले. गेल्या दिवाळीत मावशी म्हणाली, "शांते, डोळे चाललेत गो माझे. डॉक्टर म्हणतो, उन्हाळ्यापर्यंत दिसलं तर दिसलं. बाबांची उंडी हाय का बघ ना. असली तर एकदा दाखव मला फोनवर."

आई हो म्हणाली आणि महिनाभर आज-उद्या करत राहिली. झाड नसलंच तर मावशीला काय सांगायचं, या विचाराने तिचा पाय निघेना. शेवटी दिवस मीच ठरवला. मला कंपनीत शनिवार-रविवार सुट्टी. शनिवारी जाऊन येऊ, रविवारी लोळू, असा माझा बेत.

गाडीला गर्दी नव्हती. भात कापलेल्या खाचरांत वाल उगवून आला होता आणि बांधांवर बगळे बसले होते. नागोठणं गेलं, निडी गेलं. ईराने निम्म्या लाट्या निडीच्या आधीच संपवल्या. 

बाग छोटी आहे, पण नीटनेटकी. लाल मातीची पायवाट, दोन घसरगुंड्या, बाकांवर पेपर वाचणारे आजोबा. ईरा पाट्या मोठ्याने वाचत चालली होती: अर्जुन, बेहडा, करंज, सीताअशोक. एका सागाच्या गळ्यात 'कदंब' अशी पाटी होती. सागाची त्याबद्दल काही तक्रार दिसली नाही. आई एकही पाटी न वाचता, गुडघे दुखत असूनही पुढे पुढे जात होती. दोन फेऱ्या झाल्या. उंडी काही सापडेना आणि आईचा चेहरा उतरत गेला.

पाइपने पाणी घालणारी एक बाई मघापासून आम्हाला बघत होती. "काय शोधता आजी?"

"उंडी."

"हाय ना. पंपाच्या खोलीपाठी. तिला पाटी नाय लावलेली, म्हणून कोण जात नाय तिकडं."

पंपाच्या खोलीमागे उंडी नदीकडे झुकून उभी होती. जाड चकचकीत पानं, मधूनमधून पांढरी फुलं. आईने खोडावर तळवा ठेवला आणि रडायला लागली. आम्ही तिला रडू दिलं. मग डोळे पुसून तिने स्वतःच फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आई कपाळाला हात लावून मटकन कट्ट्यावर बसली.

"अरे, आज शनिवार."

मावशीकडे शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत शब्बाथ. विस्तव पेटवायचा नाही, फोनला हात लावायचा नाही. तिचा दिवस सुटेपर्यंत इथे बागेला कुलूप लागलेलं असतं.

"दर शनिवारी त्यांची चूल पेटवायला मी जायचे," आई म्हणाली. "बाकी कोणी विसरलं तर ठीक. मी कशी विसरले?"

"आपण व्हिडिओ पाठवू या," ईराने सुचवलं.

"नको. तिने दाखव म्हटलंय."

रविवारी सकाळी साडेसातला आई पुन्हा चपला घालून दारात. माझ्या लोळण्याचे बारा वाजले होते, पण तोंडातून ब्र काढायची माझी छाती नव्हती.

या वेळी पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. मावशीचे पांढरेशुभ्र केस दिसले. मग तिने फोन एका डोळ्याच्या अगदी जवळ धरला आणि पडदाभर नुसता तो डोळा दिसायला लागला. "खोडाजवळ घे गो. आता वर. हळू." आईने फोन शेंड्यापर्यंत नेला. मग मावशी म्हणाली, "शांते, फोन तिथंच टेकवून ठेव. तुम्ही सगळी जरा फिरून या."

आम्ही समोर दोन दगड रचून, झाड नीट दिसेल असा फोन ठेवला. पाणी घालणारी बाई म्हणाली, "जावा तुम्ही, मी हाय इथं." आम्ही नदीच्या बाजूने लांबवर चालत गेलो. मावशीचा आवाज थोडा वेळ ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. मला फार एकटं वाटलं. बायको-मुलगी-आई सगळी सोबत असताना का वाटावं, कोण जाणे.

परत आलो तेव्हा मावशी नाक पुसत होती. "आता तू उभी राहा तिच्याजवळ," तिने आईला फर्मावलं.

"मला काय बघायचंय? म्हातारी झाले."

"ती पण झालीय. मला दोघी एकदम बघायच्या आहेत. परत दिसाल न दिसाल."

आई पदर सारखा करून उंडीला टेकून उभी राहिली. मावशीने मनसोक्त बघून घेतलं.

परतीच्या गाडीत ईरा झोपली. निडीला सिग्नलसाठी गाडी थांबली तेव्हा मी आईला विचारलं, "आजोळचं घर विकल्यावरही लग्नामुंजींना रोह्याला इतक्यांदा आलो आपण. तू एकदाही नदीकडे का गेली नाहीस?"

"ती नाही तर कोणाकडे जायचं होतं तिकडे?" आई म्हणाली. "मघाशी मी उंडीला टेकले तेव्हा ती सांगत होती, खालच्या फांदीच्या बेचक्यात हात घाल, आपल्या झोपाळ्याच्या दोराचा वळ असेल. मी घातला. होता रे. मला तर आठवतही नव्हता. पंचावन्न वर्षं मी म्हणत आले, रिबका लांब गेली. ती रोज येत होती तिथे. लांब मी राहिले."