पहिल्या लेनमधलं रक्त

रक्त तपासणाऱ्या माणसाजवळ किस्से कसे साठतात, बघा. सुई टोचली की माणूस तोंड दुसरीकडे फिरवतो आणि बोलायला लागतो. मी विचारत नाही, तोच सांगतो! रजिस्टरमध्ये रकाने चारच : नाव, वय, गाव, निकाल. बाकीचं सगळं माझ्याकडेच राहतं. पूर्वी जेवणाच्या सुट्टीत सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून रक्तात येणाऱ्या आजाराच्या, आमच्या युनिटचे आम्ही चौघं एकमेकांना हे किस्से सांगायचो. आता डबा मी एकटीच खाते. म्हणून म्हटलं, तुम्हालाच सांगावं.

•

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगते. डॉक्टर मॅडम. जीप चालवणारे गजूभाऊ. लोकांना समजावून सांगणारा समुपदेशक मधुकर, पांढरकवड्याचा. आणि मी, शीला, बाभुळगावची, लॅब टेक्निशियन.

मशीन नवीन आलं तेव्हा पहिलं रक्त कोणाचं चालवायचं? मॅडम म्हणाल्या, आपलंच. आमची तपासणी पट्टीवर होते. पट्टीवर शेजारी शेजारी लेन असतात, एका माणसाची एक लेन. करंट दिला की रक्त सरकतं आणि लाल रेघा उमटतात. निरोगी माणसाची एक रेघ, वाहकाच्या दोन. वाहकाला स्वतःला काही होत नाही, पण दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक मूल पूर्ण आजारी निघण्याची शक्यता चारात एक.

मॅडमची एक रेघ, गजूभाऊंची एक. माझ्या दोन. मधुकरच्याही दोन.

आम्ही दोघं पट्टीकडे बघतच राहिलो. मॅडम मात्र जाम खूश! कारण रोजच्या तपासणीत पहिल्या लेनमध्ये एक माहितीतलं, वाहकाचं रक्त लावावं लागतं. त्याच्याशी ताडून बाकीच्यांचं वाचायचं. त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. "बाहेरून मागवायची कटकट गेली," मॅडम म्हणाल्या, "घरचेच दोन कंट्रोल मिळाले."

तेव्हापासून दर सोमवारी मी माझं रक्त काढते. मी सुट्टीवर असले तर मधुकरचं. या जिल्ह्यातल्या किती लोकांचा निकाल माझ्या रक्ताशी ताडून लागला, त्याचा हिशोब नाही.

•

निकालाप्रमाणे आम्ही कार्ड देतो. निरोगी असेल तर पांढरं, वाहक असेल तर अर्धं पिवळं, आजारी असेल तर पूर्ण पिवळं. लग्नाआधी दोन्हीकडची कार्डं बघा, असं मधुकर गावोगाव घसा फोडून सांगायचा.

एका गावात एकाच उन्हाळ्यात चार सोयरिकी जमल्या, चारही मुलींची कार्डं पांढरी. मधुकर हरखला. चौघींना एकत्र बोलावून म्हणाला, कार्डं दाखवा, गावाचा सत्कार करू. चौघींत मिळून कार्ड निघालं एकच! रंजना नावाच्या मुलीचं.

रंजनाची आई अजिबात लाजली नाही. "कार्ड आमचंच हाय," ती म्हणाली, "पन गरज साऱ्याइलेच पडते. लग्नाले गंज-भांडे मागतेत, देतो का नाही? तसंच हे देलं."

आम्ही खूप हसलो. पण बाकी तिघींना तपासलं तर दोघी वाहक निघाल्या आणि त्यातल्या एकीचा होणारा नवराही वाहक. ती सोयरीक मोडली. मधुकरने त्या दिवशी डबा उघडला नाही. त्याची धाकटी बहीण याच आजाराने एकोणिसाव्या वर्षी गेली होती. सोयरीक मोडली तरी त्याला वाईट वाटायचं आणि नाही मोडली तरी.

•

मॅडम नागपूरला एका परिषदेला जाऊन आल्या आणि जीपमध्ये आम्हाला सांगू लागल्या. पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात. आता शास्त्रज्ञ एक लहानसं कृत्रिम गुणसूत्र बनवतात, त्यावर चांगला जीन चढवतात आणि ते पेशीत सोडतात. बाकीच्यांना धक्का न लावता ते आपलं काम करतं. म्हणजे सत्तेचाळिसावं.

गजूभाऊ आमच्याकडे येण्याआधी काळी-पिवळी टॅक्सी चालवायचे. त्यांनी आरशात बघून मान डोलावली. "त्यात काय कठीन हाय मॅडम? काळी-पिवळीत मी जिंदगीभर एक शीट जास्तीची बसवली. फक्त दरवाजा लावता आला पायजे."

मॅडम म्हणाल्या, "गजूभाऊ, सगळं जग त्या दरवाज्यापाशीच अडलंय."

मधुकर हसला नाही. त्याने विचारलं, किती दिवसांत येईल? मॅडम म्हणाल्या, दहा वर्षं धरून चाला. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. माझं वय तेव्हा सव्वीस होतं. मी मनात बेरीज केली आणि छत्तीसला मला काही हरकत वाटली नाही.

•

तेच मॅडमनी केळापूरकडच्या एका गावात सांगितलं. बोंडअळीने कापसाची दुर्दशा झालेलं साल होतं, बोंडं हातात घेऊन लोक सभेला आले होते. चांगला जीन पेशीत घालतात म्हटल्यावर मागून एक आजोबा उठले.

म्हणाले, "कापसात बी असंच घातलं होतं म्हने, अळीसाठी. सुरुवातीले बरं चाललं. मंग अळीले सवय झाली. मानसात घालान त फवारनी बंद होईन का, तेवढं सांगा."

सभा हसून लोळली. मॅडमही हसल्या. सभा संपल्यावर आजोबा जीपपाशी आले आणि खिशातून पूर्ण पिवळं कार्ड काढलं. नातवाचं होतं. "हसन्यावारी नेऊ नका," ते म्हणाले. "येईन तवा पह्यले याले द्या."

मॅडमनी त्या मुलाचं नाव स्वतःच्या डायरीत लिहून घेतलं.

•

हा किस्सा मी कोणालाच सांगितलेला नाही.

झरी जामणीला शाळेच्या व्हरांड्यात शिबिर होतं. गर्दी संपली होती, गजूभाऊ चहा आणायला गेले होते. मधुकरच्या टेबलासमोर जोडप्यांसाठी दोन खुर्च्या असायच्या. मी त्यातल्या एका खुर्चीवर जाऊन बसले आणि सरळ म्हटलं, आपलं काय?

तो बराच वेळ कार्डांचा गठ्ठा सारखा करत राहिला. मग म्हणाला, "या खुर्चीवर बसनाऱ्याले मी काय सांगतो?"

"चारात एक."

"मंग तुले अलग काय सांगू? उद्या कोन्या गावात तोंड दाखवू?"

पोटात असतानाच तपासता येतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण तपासून नाकारायचं कोणाला, तर त्याच्या बहिणीसारख्याच एका जिवाला. ते त्याला जमणार नव्हतं. मी म्हटलं, मग मूलच नको.

"खोटं नको बोलू शीला. लसीच्या रांगेत तू कोनाचंबी लेकरू उचलते. मले दिसते ना."

शेवटी ठरलं, दहा वर्षं थांबायचं. सहा वर्षं झाल्यावर मॅडम दुसऱ्या एका परिषदेहून आल्या. मधुकरने विचारलं, आता किती? मॅडम म्हणाल्या, दहा वर्षं.

•

त्याच वर्षी त्याच्या आईने अंथरूण धरलं आणि त्याच्या लग्नाचा हट्टही. तो मला म्हणाला, तू म्हणत असशील तर थांबतो. मी थांब म्हटलं नाही. का म्हटलं नाही, हे मी अजून स्वतःला विचारते.

त्याला सांगून आलेली मुलगी आर्णीकडची होती. नियमाप्रमाणे तिचं रक्त आमच्याकडेच आलं. पहिल्या लेनमध्ये माझं, दुसऱ्या लेनमध्ये तिचं. खरं सांगते, दोन रेघा येऊ दे, असं मनात म्हणत मी त्या मशीनपाशी उभी होते. एकच आली. मी तीच तपासणी परत लावली. पुन्हा एकच!

गजूभाऊ दारात उभे होते. "ताई, दुसऱ्यांदा काहून लावलं?"

"खात्रीसाठी," मी म्हटलं.

मग मी तिचं पांढरं कार्ड लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. लग्न विहारात झालं. मी गेले होते, दोनदा जेवले.

•

मॅडम निवृत्त होऊन नागपूरला गेल्या. गजूभाऊ वारले. मधुकरची बदली होऊन तो झरीकडे गेला. मी आणि मशीन तेवढे राहिलो. मशीनही मध्ये बदललं.

परवा मधुकर आला. केस पिकलेत. सोबत त्याची मुलगी होती, बारावी झालेली. जय भीम मावशी, म्हणाली. पुण्याला जीनचंच शिकायला चालली होती, जायच्या आधी तिला स्वतःचा निकाल हवा होता. मधुकर म्हणाला, माझं कार्ड फाटलंय, माझंही लाव. दोघांचं रक्त घेताना ती बोलतच होती. आता बाहेरच्या देशात जीन पेशीतच कापून दुरुस्त करतात, मावशी. माणसं बरी होऊन राह्यली. तुम्हाला माहीत आहे?

मी म्हटलं, हो, पेपरात वाचलं.

पट्टी लावली. पहिल्या लेनमध्ये माझं, दुसऱ्या लेनमध्ये मधुकरचं, तिसऱ्या लेनमध्ये मुलीचं. तिघांच्याही दोन-दोन रेघा, एका सरळ ओळीत. पहिल्या लेनवर 'कंट्रोल' लिहायचं मी विसरले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

नवीन डॉक्टर आत आले. रुजू होऊन त्यांना आठवडाच झाला होता. कुटुंबाची तपासणी आम्ही आई, बाप, मूल अशाच क्रमाने लावतो, ते त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यांनी पट्टी उजेडात धरली.

"आई वाहक, वडील वाहक, आणि मुलगी नुसती वाहक," ते मुलीला म्हणाले. "सुटलीस बाळा. चारात एक असते, पूर्ण आजारी निघाली असतीस." मग पेन काढून त्यांनी रजिस्टर ओढलं. "आईचं नाव सांगा."

मधुकर खिडकीबाहेर बघत होता. मुलगी एकदा पट्टीकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "ती आई नाही सर. ते कंट्रोल आहे."

डॉक्टर सॉरी म्हणाले आणि त्यांनी पेनाने पहिल्या लेनवर काट मारली.