बारा आटे, तेरा आटे

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान अकोल्याला वकिली करत. परत विलायतेला निघालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याची जुनी मोटार त्यांनी विकत घेतली होती. मी अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवत असे. सुट्टी लागली की बहिणीला भेटायला म्हणून अकोल्याला जाई, पण ओढ असे ती त्या मोटारीची. लढाईचे दिवस होते, पेट्रोल मोजून मिळे, त्यामुळे गाडी बहुतेक वेळ पत्र्याखाली उभीच. तिच्या इंजिनाला हात लावायची परवानगी एकाच माणसाला होती, जवळच्या जीनमधल्या, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातल्या, फिटर मिस्त्रीला. जीनमधली सगळी यंत्रं इंग्रजी, त्यामुळे इंग्रजी गाडीही त्याला हातातली वाटे. मला मात्र भाऊजी पानासुद्धा धरू देत नसत. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ते लागायचं.

एका दिवाळीच्या सुट्टीच्या आधी मिस्त्रीने इंजिनाचा एक बोल्ट झिजल्याचं सांगितलं होतं. इंजिन ज्या चार बोल्टांवर चासीला धरलेलं असतं त्यांतला एक. योग्य बोल्ट सापडेपर्यंत गाडी हळू चालवा, मी शोधतो, असं तो म्हणाला होता. विलायतेहून माल येणं बंद होतं. बहिणीच्या पत्रातून हे मला कळलं आणि मी अमरावतीच्या भंगारवाल्याकडे गेलो. अमेरिकन ट्रकचा एक कोरा दिसणारा बोल्ट मिळाला. पत्रात लिहिलं होतं तेवढीच, अर्ध्या इंचाची जाडी. लांबीही जमणारी.

भाऊजी कोर्टात गेलेले असताना मी जुना बोल्ट काढला आणि नवा लावला. बोटांनी तीन फेरे सहज गेला, मग अडला. घट्ट बसतोय, चांगलंच आहे, असं मला वाटलं. पान्याच्या दांड्यावर नळी चढवून मी अंगाचा भार टाकला. एकाएकी हात हलका झाला. बोल्ट नुसताच फिरत होता. अॅल्युमिनियमच्या त्या भोकातले आटे गेले होते, हे मला त्याच क्षणी कळलं. मी हात पुसले, जुना बोल्ट परसातल्या विहिरीत टाकला आणि जेवायला बसलो.

दोन दिवसांनी भाऊजी गाडी घेऊन बार्शीटाकळीला निघाले. अर्ध्या वाटेत इंजिन जागचं सरकून गाडी बंद पडली आणि ते बैलांनी ओढत आणलेल्या गाडीत बसून परत आले. बाजाराचा दिवस होता. सगळ्या गावानं पाहिलं. त्यांनी मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

मिस्त्रीने माझा बोल्ट बाहेर ओढला. त्याच्या आट्यांत अॅल्युमिनियमचा चकचकीत चुरा गुंतला होता. खिशातून आटे मोजायच्या दातेरी पट्ट्यांचा जुडगा काढून त्याने एकेक पट्टी बोल्टावर टेकवून पाहिली.

"साहेब, हा बोल्ट माह्या हातचा नाही," तो म्हणाला. "भोक इंग्रजी हाये, इंचाले बारा आटे. हा अमेरिकन, तेरा आटे. मी असा बोल्ट काहून लावीन?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "तू काही केलं होतंस?"

"नाही," मी म्हणालो. "मिस्त्रींनीच लावला असेल."

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने खाली बसून भोकात बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाला की गाडी अशी टाकून जाणार नाही, दुरुस्त करून देतो. चार दिवस तो जीनची सुट्टी झाली की येई. भोक मोठं करून त्याने नवे आटे पाडले. लेथवर एक पोलादी बुश, म्हणजे बाहेरून आणि आतून आटे असलेली आखूड नळी, केलं आणि ते भोकात घट्ट बसवलं. बोल्टासाठी जीनच्या भंगारातले डबेच्या डबे उपसले, प्रत्येक बोल्टाला पट्टी लावून पाहिली, आणि सापडला तो कापून लांबीला आणला. गाडी विकेपर्यंत तो बोल्ट हलला नाही.

भाऊजींनी त्याला परत बोलावलं नाही. कोर्टाच्या बाररूममध्ये, इतर वकिलांसमोर, ते रागात जे बोलले ते इतर मोटारवाल्यांपर्यंत पोचलं. मिस्त्री स्टेशनजवळ स्वतःचं गॅरेज टाकायच्या बेतात होता. ते झालं नाही. लढाईनंतर जीनचं काम कमी झालं आणि तो बार्शीटाकळीजवळ भावाच्या शेतावर गेला. हे सगळं मला बहीण पत्रातून कळवत असे. मी उत्तरात तिच्या मुलांची चौकशी करी.

भाऊजी वारले त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो. तो अंगणात मोटेचं चाक दुरुस्त करत होता. मला ओळखलं, बाज टाकली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, विहिरीत टाकलेल्या बोल्टासकट.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "वकीलसाहेबाले सांगतलं का तुमी?"

"नाही. ते गेले पौषात."

तो परत चाकाशी जाऊन बसला. "मंग मले सांगून काय करता, मास्तर?" आवाज चढलेला नव्हता. चहा झाल्यावर त्याने मला बैलगाडीतून सडकेपर्यंत पोचवलं. वाटेत कपाशीबद्दल बोलला.

संध्याकाळी अकोल्याला बहिणीला तेच सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले.

"हे जिवंत असते," ती म्हणाली, "तर स्वतः गेले असते रे त्याची माफी मागायला. तू त्यांना तेवढंही करू दिलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी अमरावतीला परतलो. नंतर कितीतरी दिवाळ्या मी शाळेचं काम सांगून तिकडे जायचं टाळलं.