घोड्याजवळचा टॅपिर
पोळ्याच्या ओल्या काळ्या मातीचा वास आला की मला तो टॅपिर आठवतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि देऊळगाव राजाच्या मुलींच्या शाळेत माझी मास्तरणीची नोकरी कायम व्हायची होती. बैल करून उरलेल्या मातीचे आम्ही शाळेत प्राणी केले, त्यात चित्रात पाहिलेला, डुकरासारखा दिसणारा आखूड सोंडेचा परदेशी प्राणी टॅपिरही होता. पोळ्याच्या सवयीने मुलींनी त्याचेही खूर बैलासारखे मधोमध चिरले. मी ते मोडून मागच्या पायांना तीन-तीन बोटं करायला लावली. शाळेच्या तपासणीला आलेल्या दिपोटीसाहेबांनी, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टरांनी, हसत त्याला घोड्याजवळून उचलून डुकराशेजारी ठेवलं. मी उचलून परत घोडा आणि गेंडा यांच्यामध्ये ठेवला. "बाई, हे डुकराचंच भावंड," साहेब म्हणाले. चिडले की माझी वऱ्हाडी सुटते. "नाही साहेब, डुकराचा खूर बैलावानी चिरेल असते. याच्या मांगच्या पायाले तीन बोटं हायेत. गेंड्याले तीन, अन् नामशेष झालेल्या जुन्या घोड्यालेही तीनच व्हते. हे एका घरचे हायेत." "शेरा वाईट जाईल तुमचा." "जाऊ द्या. टॅपिर इथून हालत नाही." शेरा वाईट गेला, नोकरीही गेली. अजून दर पोळ्याला बैलांबरोबर मी एक घोडा आणि एक टॅपिर करते. साहेबांचा शेरा कुठल्या दप्तरात कुजला, कोण जाणे. टॅपिर घोड्याजवळच आहे.