विसाव्याचा दगड

अंगात आलेल्या बाईला मी आधी लिंबू-सरबत पाजलंय आणि मग तिचं बीपी तपासलंय. नर्सची नोकरी करताना असे प्रसंग येतातच. करणी, बाहेरची बाधा, उतारा… असलं काही कुणी माझ्यापुढं काढलं, की मी सरळ थर्मामीटर काढते. त्यामुळं न उलगडलेल्या अनुभवांच्या या पानावर माझ्यासारखीनं लिहावं, हेच माझ्या नवऱ्याला गमतीचं वाटतंय. पण जे झालं ते झालं. जसं झालं तसं लिहिते.

आम्ही राहतो शिवऱ्यात, हायवेच्या कडेला. नवऱ्याचं पाइप आणि मोटारपंपांचं दुकान आहे. माझी ड्युटी वेल्ह्याच्या बाजूला, पालीच्या अलीकडच्या एका उपकेंद्रात. रोज स्कूटीवरून जाऊन-येऊन. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर राजगडावर येणारे ट्रेकर लोक रविवारी तिथं रांग लावतील.

आधी दुखण्याचं सांगते, कारण सगळं त्याच्याभोवतीच आहे. ओटीपोटात, खाली खोल आणि बसायच्या जागी कुणीतरी मूठ आवळून धरावं तसं मला दुखायचं. पाळीच्या दिवसांपुरतं नाही, रोजच. उभं राहिलं तर सोसवायचं, बसलं की वाढायचं. सोनोग्राफी नॉर्मल, लघवी नॉर्मल, सगळे रिपोर्ट नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की माणसाला बरं वाटायला पाहिजे, मला उलट भीती वाटायची… म्हणजे यांना सापडत नाहीये! दुसऱ्या बायकांना "काही नाही हो, घाबरू नका" म्हणणारी मी, घरी बाथरूममध्ये पोट दाबून गाठ शोधत बसायचे. मीटिंगचं पत्र आलं की विषय न वाचता आधी विचार, किती वेळ बसावं लागेल? लग्नात पंगतीला बसायच्या आधी छातीत धडधड. धडधड झाली की दुखायला लागायचं, दुखलं की जास्त धडधड. मी जेवणसुद्धा ओट्याशी उभ्यानं उरकायला लागले होते.

एका डॉक्टरांनी सांगितलं, "मुलं मोठी झालीत ना? पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." पिशवी काढूनही तसंच दुखणाऱ्या बायका मी गावोगाव बघितल्यात, म्हणून मी पुढं ढकलत होते. पण मनातून वाटायचं, काढून टाकावी एकदाची.

त्या गावाची एक वाडी वर चढावर आहे. तेव्हा तिथं गाडी जात नव्हती. लसीकरण झालं की लसींचा डबा खांद्याला लावून पायवाटेनं खाली यायचं. अर्ध्या वाटेवर एक उंबर आहे आणि त्याच्याखाली एक काळा, सपाट, बैठा दगड. एका दुपारी ऊन फार होतं. मी डबा खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं, पाणी प्याले, समोरच्या खाचरात भात काढत होते ते बघितलं… आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी बसलेय.

बसलेय आणि दुखत नाहीये.

उठले. दुखायला लागलं. बसले. थांबलं. हळूहळू कमी झालं असं नाही, नळ बंद करावा तसं थांबलं. मी पुन्हा उठले, पुन्हा बसले. कुणी बघितलं असतं तर बाईला उन्हाचा त्रास झाला म्हणालं असतं.

त्यानंतर वाडीवर गेले की येताना तिथं बसायचंच. दगडाच्या कडेला बोटाएवढी रुंद पांढरी शीर होती, त्यावरून अंगठा फिरवत बसायचे. जेवणाचा डबाही तिथंच उघडायचे. बसून जेवायचं सुख काय असतं, हे ज्याचं गेलंय त्यालाच कळतं.

एकदा आमच्या उपकेंद्राच्या आशा कार्यकर्त्या शोभाताई मागून येत होत्या. मला बघून जागीच थांबल्या.

"सिस्टर, उठा आधी!"

"का? साप आहे का?"

"साप परवडला. अवो, इसावा हाय त्यो!"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मयत स्मशानात नेताना वाटेत तिरडी एका ठिकाणी घटकाभर टेकवतात. पुढचे खांदेकरी मागं जातात, मागचे पुढं येतात आणि मग उचलतात. ती जागा म्हणजे विसावा. आमच्याकडं बायका मयताबरोबर तिथवर जात नाहीत आणि मी तर परगावची. मला कसं कळणार?

तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेऊन हौसाक्का आल्या. वाडीवरच्या म्हाताऱ्या. तोंडानं फटकळ आणि मला एकेरीच हाक मारायच्या. त्यांनी भाऱ्याखालूनच तोफ डागली. "आगं बया बया! सुया टोचून टोचून सगळ्यास्नी जगवतीस आन सोता हितं बसतीस व्हय? माजं मालक टेकलं व्हतं हितं! जित्या मानसाची जागा न्हाई ती!"

"आक्का, दगडच आहे."

"दगडच हाय. मग तुज्या घरी दगड न्हाईत का?"

मी डबा उचलला आणि खाली चालायला लागले.

पुढच्या खेपेला त्या उंबराजवळ आले तेव्हा हाताला घाम आला होता. खोटं कशाला बोलू, घाबरले होते. मेलेल्यांना नाही. मेलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत, ती काही करत नाहीत. मी घाबरले होते ते याला, की आता माहीत झालंय, तर ही एवढी एक जागाही हातातून जाणार. आजूबाजूला कुणी नाही बघून बसले. काळीज नुसतं उडत होतं… आणि दुखणं बंद. तसंच, नळासारखं.

मग मात्र मी पुण्यात ओटीपोटाच्या दुखण्याच्याच एका डॉक्टर मॅडमना दाखवलं. त्यांनी नीट तपासलं. म्हणाल्या, पिशवीला हात लावायची गरज नाही. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, ती तुम्ही कायम आवळून धरताय. काळजीनं स्नायू आवळतात, आवळले की दुखतं, दुखलं की काळजी. त्यांनी व्यायाम दिले, श्वासाचे प्रकार दिले, काळजी कमी व्हायची गोळी दिली. मला पटलं. मी त्यांना दगडाचंही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तिथं शांत आहे, काम झालेलं असतं, कुणी हाक मारत नाही. शरीराला तिथं सुरक्षित वाटत असेल, सैल पडत असेल."

"पण त्या दिवशी मी घाबरलेली होते मॅडम. घाम फुटला होता. मग सैल कशी पडले?"

त्या म्हणाल्या, "आधीची सवय असेल." मी म्हटलं, असेल.

घरी मी टेपनं मोजून त्याच उंचीचा दगड आणायला लावला. नवरा म्हणाला, "लोक सोफा आणतात, आमच्याकडं धोंडा." तो अंगणात, पेरूच्या सावलीत ठेवला, शांत वेळ बघून बसले. दुखलं. आता तो आमच्या पाण्याच्या टाकीखाली आहे.

पावसाळ्याच्या तोंडाला माझी दुसऱ्या उपकेंद्रावर ड्युटी लागली. परत आले तेव्हा भात पिवळा पडला होता आणि वाडीच्या पायवाटेचा रस्ता झाला होता. जेसीबीनं उंबरापर्यंत डोंगर कापलेला. उंबर होता. त्याच्याखाली काळा सपाट दगडही होता, थोडा सरकलेला, शीरसुद्धा दिसू नये इतका चिखलानं माखलेला. मी म्हटलं, वाचला! बसले.

मूठ आवळली. अशी की डोळ्यात पाणी आलं.

वेगवेगळ्या वेळी जाऊन बसून बघितलं. तेच. मग मी हिशेब मांडला. डॉक्टर मॅडमचं खरं होतं, सगळं मनाचं होतं आणि आता मनही उठलं. व्यायाम करत होते, पण उतार म्हणावा असा नव्हता. घरातून बाहेर पडणंसुद्धा टाळायला लागले. नोकरी सोडायचं मनात यायला लागलं. शेवटी नवऱ्याला सांगितलं, पहिल्या डॉक्टरांना फोन करा, पिशवी काढायची तारीख घ्या. त्यांनी घेतली. दिवाळीनंतरची.

आणि मग एक दिवस स्कूटी गॅरेजात होती, म्हणून एसटीनं जायची वेळ आली. आदल्या रात्री सारखी भुरभुर होऊन गेली होती. दुपारी परतीच्या एसटीसाठी गावच्या फाट्यावर आले. रुंदीकरणात तिथली जुनी शेड गेलेली, ठेकेदाराच्या माणसांनी कडेला दगड लावून बसायची सोय केलेली. त्यावर ओल लागू नये म्हणून बारदान टाकलेलं. त्यावर हौसाक्का ऐसपैस बसल्या होत्या, शेजारी शोभाताई उभ्या.

"ये गं, बस," हौसाक्का सरकल्या.

"नको आक्का, उभीच बरी."

"बस म्हनते ना! तालेवाराची लेक हायस व्हय? का ह्यो बी कुनाचा इसावा हाय?"

चार माणसं हसली. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. दात आवळले, पर्स मांडीवर घेतली, ती दोन्ही हातांनी धरली आणि बसले.

हौसाक्का एसटीला शिव्या घालत होत्या. "मागं दोन तरी यायच्या. आता रस्ता रुंद केला आन यष्टी बारीक झाली." मी हसले. मग त्यांनी नातसुनेचं काढलं, मी सल्ला दिला, आणि बोलता बोलता माझं वाक्य अर्ध्यातच तुटलं.

दुखत नव्हतं.

खाली वाकून बारदानाची कड उचलली. काळ्या दगडाला बोटाएवढी पांढरी शीर.

"शोभाताई," मी हळूच विचारलं, "उंबराखाली आहे तो जुनाच दगड ना?"

"न्हाई ओ. त्यो पावसात आनून ठिवलाय. वाडीवरचं एक म्हातारं गेलं तवा टेकवायला काय न्हवतं, म्हनून डोंगरातला आनला. जुना ठेकेदाराच्या मान्सांनी खडीत घातला असंल म्हनून गप बसलो आमी."

खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार चोराचा आला. गप्प बसावं. नवऱ्याला गाडी घेऊन बोलवावं, ठेकेदाराच्या माणसाला विचारून दगड घरी न्यावा. कुणाला पत्ता लागणार नव्हता. रोज बसून जेवता आलं असतं. आयुष्यभर. शेजारी हौसाक्का गुडघे चोळत होत्या. यांचे मालक याच दगडावर टेकले होते.

मी उठले आणि बारदान ओढलं.

हौसाक्का त्या वयात अशा उठल्या की मला वाटलं पडतात. "आरं द्येवा! म्हैना झाला, रोज हितं बसून यष्टीची वाट बघतीया मी!"

शोभाताईंना हसू आवरेना. "मग आक्का, कुटं जायची घाई झालीया?"

"गप गं भवाने!"

त्याच दिवशी वाडीवरच्या लोकांनी दगड ट्रॅक्टरमध्ये घातला, वर नेऊन होता तसा बसवला, पाणी घालून हळद-कुंकू वाहिलं. मी फाट्यावर उभ्या उभ्याच नवऱ्याला फोन केला. "तारीख रद्द करा."

"का? आता काय झालं?"

"दोन्ही दगडांवर माझी पिशवी तीच होती," मी म्हटलं. ते म्हणाले, "काय?" मी म्हटलं, घरी आल्यावर सांगते.

हे मला अजूनही पटतं. पिशवी दोन्हीकडं तीच होती, म्हणजे दोष तिचा नाही. पण मग काळजीही दोन्हीकडं होतीच, नाही का? उलट खोट्या दगडाला मी खरा समजून आशेनं बसले, तर दुखलं. आणि खऱ्यावर, काही माहीत नसताना, दात आवळून, लोकांच्या घोळक्यात बसले, तर थांबलं. पुण्याच्या मॅडमना हे सगळं सांगितलं. त्यांनी सगळं कागदावर टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "व्यायाम सोडू नका." सोडलेले नाहीत. गोळीही चालू आहे. वर्षभरात फरक पडलाय, आता थोडा वेळ का होईना, खुर्चीवर बसता येतं. पंगतीला जाते. त्याचं श्रेय मॅडमचं आणि ते मी कुणालाही सांगते. दुखत असेल तर आधी डॉक्टर गाठा, दगड शोधत हिंडू नका.

पण दगडाचं काय, ते मला माहीत नाही. आमच्या शिवऱ्याच्या विसाव्यावरही जाऊन बसून बघितलं, नवऱ्याला न सांगता. दुखलं.

दगड जागेवर गेला त्याच्या पुढच्या खेपेला मी उंबरापाशी नुसती उभी होते. मी इथं बसते हे आता सगळ्या गावाला ठाऊक होतं, बसायचा धीर होईना. वरून हौसाक्का काठी टेकत आल्या. माझ्याकडं बघितलं, दगडाकडं बघितलं. दुखण्याचं मी शोभाताईंना सांगितलं होतं, त्यांनीच आक्कांच्या कानावर घातलं असावं.

"लई दुखतंय व्हय गं?"

मी मान हलवली.

"मग बस की. कोन जितं भांडाया येतंय हितं तुज्यासंगं?" दोन पावलं पुढं गेल्या आणि काठी माझ्याकडं रोखली. "माजी येळ आली की मातुर उठायचं. तवा सांगाया न्हाई यायची मी."

वाडीवर गेले की अजून तिथं डबा उघडते. वरच्या वळणावर माणसांचा आवाज आला की घास हातात धरून कान देते. मग हौसाक्का स्वतःच कुणालातरी शिव्या देत खाली उतरताना दिसतात आणि मी पुन्हा जेवायला लागते.